किलोमीटर कुणाचे मोजायचे?

पावसाळा सरला, भाताच्या लोंब्या पिवळ्या पडू लागल्या की पुणे-बेंगळुरू महामार्गावर सायकलवाल्यांचे जथे दिसायला लागतात. दूधगंगा ओलांडून, कोगनोळीचा टोलनाका मागं टाकून ते कर्नाटकात शिरतात. निपाणीनंतर तवंदीचा घाट चढतात, संकेश्वर, हत्तरगी करत वंटमुरीच्या चढावर पुन्हा घाम गाळतात, आणि काकती आली की समोर बेळगाव दिसतं. गेल्या हिवाळ्यात असाच एक पंचवीस जणांचा जथा पुण्याहून आला. सुमारे ३४० किलोमीटर, चार दिवस. जर्सीच्या पाठीवर लिहिलं होतं, की ही मोहीम सीमाभागातल्या वंचित मुलांच्या शाळेसाठी आहे. काकतीला चहाच्या टपरीवर त्यांच्यातल्या काही जणांशी मी अर्धा तास बोलत बसलो होतो. मुलं भली होती. एकाच्या गुडघ्याला पट्टी बांधलेली, दुसऱ्याचे ओठ उन्हानं फुटलेले. मला त्यांचं खरंच कौतुक वाटलं, आजही वाटतं. त्या अर्ध्या तासात जे मनात आलं आणि तिथं बोलता आलं नाही, ते इथं लिहितो आहे.

मी एकतीस वर्षं सरकारी मराठी प्राथमिक शाळांत शिकवलं. बरीचशी खानापूर तालुक्यात, थोडी निपाणी-चिकोडीकडं. नोकरीची पहिली नऊ वर्षं शाळेला सायकलनंच जायचो, जाऊन-येऊन बावीस किलोमीटर. म्हणून सायकल मला जवळची आहे आणि शाळाही.

देणगीसाठी सायकल चालवण्याची रीत साधी असते. स्वारानं अंतर पार करायचं, त्याच्या ओळखीच्या माणसांनी किलोमीटरमागं ठरलेली रक्कम द्यायची. आपल्याकडं ही कल्पना रुजायला वेळ लागला नाही, कारण मुळात ती आपल्याला परकी नाहीच. पंढरीची वारी आपण चालतच करतो. सौंदत्तीच्या यल्लमाला आजही माणसं मैलोन्मैल पायी जातात. ज्यासाठी आपण अंग झिजवतो ते आपल्याला मनापासून हवं असतं, ही खूण आपल्या लोकांना न सांगता कळते. एखादा इंजिनियर रजा टाकून चार दिवस उन्हात पेडल मारतो, तेव्हा त्याच्या ऑफिसातला माणूस पाचशे रुपये काढून देतो. नुसतं मागितलं असतं तर दिले नसते. शरीर तारण ठेवून उभा केलेला पैसा आहे हा, आणि म्हणूनच तो कुठं जातो हे विचारण्याचा अधिकार आपल्याला जास्त आहे.

माझं म्हणणं असं आहे: या पैशातून आमच्या भागात नवी शाळा काढू नका. जी शाळा उभी आहे ती टिकवा, तिथवर पोचता न येणाऱ्या पोराची वाट सोपी करा, आणि ज्याचं हे मूळ काम आहे त्या सरकारला त्या वाटेचा हिशेब मागा.

हे मी का म्हणतो, ते एका प्रसंगातून सांगतो. मी ज्या गावात होतो त्याच्या शेजारी एका संस्थेनं गरीब मुलांसाठी मोफत इंग्रजी माध्यमाची शाळा सुरू केली. हेतू चांगला होता, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. व्हॅन दारात यायची, बूट-मोजे मिळायचे, दुपारचं जेवण बरं असायचं. आमच्या शाळेतली चौदा मुलं तिकडं गेली. बाजूच्या दोन वाड्यांतूनही गेली. आमचा पट चोवीसवरून दहावर आला. पट घटला की शिक्षक जास्त ठरतो, तसे माझे सहकारी बदलून गेले. पाच वर्ग आणि एकटा मी.

चौथ्या वर्षी, जानेवारीत, ती शाळा बंद पडली. सुरुवातीला निधी गोळा करणारी मंडळी दुसऱ्या कामांकडं वळली होती. घरभाडं थकलं, शिक्षकांचे पगार थकले, व्हॅन यायची थांबली. मुलं परत आमच्याकडं आली. काहींचे दाखले मिळायला सहा महिने लागले. दाखल्यासाठी प्रवेश अडवायचा नाही हे शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात लिहिलेलं आहे, म्हणून मी त्यांना बसवून घेतलं. पण कुठं बसवायचं? चौथीतली एक मुलगी दारात उभी राहून म्हणाली, “सर, मी कुठल्या वर्गात बसू?” तिला मराठी वाचता येत नव्हतं, कारण ती पहिलीपासून इंग्रजीत होती. इंग्रजी पुस्तक ती घडाघडा म्हणायची, पण बोट ठेवून एक शब्द विचारला तर गप्प. मी तिला पहिलीच्या पोरांशेजारी बसवलं. त्या दुपारी तिनं दप्तर उघडलंच नाही.

त्या संस्थेला मी दोष देत बसत नाही. ज्यांनी पैसे दिले त्यांच्यापर्यंत ही मुलगी कधी पोचली नाही, एवढंच मला डाचतं. त्यांच्याकडं उद्घाटनाचा फोटो आहे. बंद पडलेल्या शाळेचा फोटो कुणी काढत नाही.

आता जरा हिशेब मांडू. समजा, पंचवीस स्वारांच्या मोहिमेतून बारा लाख रुपये जमले. रक्कम मोठी आहे. त्यातून शाळा चालवायची म्हटली तर तीन शिक्षक हवेत. पंधरा हजारांप्रमाणे महिन्याला पंचेचाळीस हजार, वर्षाला पाच लाख चाळीस हजार. स्वयंपाकीण, व्हॅनचं डिझेल, भाडं, वीज, पुस्तकं धरली की वर्षाचा खर्च सहज नऊ लाखांवर जातो. म्हणजे घाम गाळून उभे केलेले बारा लाख सोळा महिन्यांत संपतात. आमच्याकडं गावातली प्राथमिक शाळा बहुधा सातवीपर्यंत असते. पहिलीत आलेल्या पोराला सात वर्षं लागतात. सोळा महिन्यांच्या पैशावर सात वर्षांचं वचन दिलं जातं, आणि ते मोडतं तेव्हा मोडणाऱ्याचं काही जात नाही. तेच बारा लाख बँकेत ठेवले आणि सात टक्के व्याज धरलं, तर वर्षाला चौऱ्याऐंशी हजार येतात. त्यात एका शिक्षकाचा अर्धा पगारसुद्धा भागत नाही.

मग आपल्या भागातल्या जुन्या संस्था कशा उभ्या राहिल्या? कर्मवीर भाऊराव पाटील १८८७ साली जन्मले ते कुंभोजला, इथून फार लांब नाही. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला नेली. वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे आपण शाळेत शिकतो. पण त्यांच्या दागिन्यांइतकीच मला मूठभर धान्याची योजना महत्त्वाची वाटते. घराघरातून एक मूठ, आज, उद्या, परवा. देणाऱ्याला जड नाही आणि पोराच्या ताटात खंड नाही. बेळगावात १९१६ साली सात शिक्षकांनी केएलई (कर्नाटक लिंगायत एज्युकेशन) संस्था उभी केली. कन्नड मुलखातल्या शिक्षणाचा तो मोठा आधार झाला. त्याआधी पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं आजीव सदस्यांची, म्हणजे तुटपुंज्या पगारावर आयुष्य संस्थेला वाहणाऱ्या शिक्षकांची, रीत घालून दिली होती. या सगळ्यांनी पैसा मागितला, दारोदार मागितला, पण आपलं आयुष्य त्या पैशाच्या मागं उभं केलं. आणि शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड ठेवला. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी आमच्याच मातीत दोन्ही गोष्टी स्पष्ट झाल्या होत्या. शाळेचा खर्च रोजचा असतो, आणि शाळा हे राजाचं काम आहे.

पंचवीस स्वारांनी प्रत्येकी चार माणसं जोडली आणि सगळ्यांनी महिन्याला पाचशे रुपये सात वर्षं द्यायचं ठरवलं, तर सव्वाशे माणसांचे महिन्याला साडेबासष्ट हजार होतात. वर्षाला साडेसात लाख. एका मोहिमेच्या बारा लाखांपेक्षा कमी दिसतात, पण सात वर्षांत बावन्न लाखांच्या वर जातात. मुख्य म्हणजे सातवीची परीक्षा होईपर्यंत त्या पोराच्या शिक्षकाला एक तारखेला पगार मिळतो. मोहीम वाईट नाही. ती या मूठभर धान्याची सुरुवात व्हावी, एवढंच मागणं आहे. चार दिवसांच्या शेवटी ज्याला शाल-फेटा मिळतो त्याच्याकडून सातव्या वर्षीचा पाचशेचा हप्ता आला, तर खरी चढण तिथं चढली.

वंचित मुलं म्हणजे नेमकी कोण, हेही मोहिमेच्या फलकावर कधी लिहिलेलं नसतं. आमच्या जिल्ह्यात ती सगळीकडं सारखी नाहीत. निपाणीला आई विड्या वळते, मुलगी घरी पानं कापते. सौंदत्तीकडं देवदासींच्या लेकरांना शाळेच्या अर्जावर बापाच्या नावाच्या रकान्यापाशी अडवलं जायचं. देवदासी प्रथेविरुद्ध कर्नाटकानं १९८२ सालीच कायदा केला, तरी त्या घरांतल्या म्हाताऱ्या बायका अजून हयात आहेत. खानापूरच्या रानात धनगर-गवळ्यांचे वाडे आहेत. आणि सगळ्यांत अवघड, ऊसतोडणीवाल्यांची पोरं.

दिवाळी झाली की टोळ्या येतात. बीडकडून निपाणी, चिकोडी, अथणीच्या कारखान्यांवर; विजयपूर, बागलकोटकडच्या टोळ्या कोल्हापूर-सांगलीकडं जातात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, नवराबायकोचा एक कोयता धरला जातो, आणि पोर खोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपड्यांच्या तळावर, राहतं, धाकट्याला सांभाळत, नाहीतर उसाच्या वाढ्यांच्या मोळ्या बांधत. मार्च-एप्रिलला टोळी परत निघते तेव्हा गावाकडच्या शाळेचं वर्ष संपत आलेलं असतं. म्हणजे जूनपासून दिवाळीपर्यंत एक शाळा आणि मग काही नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या नवव्या कलमात स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी म्हणून लिहून ठेवली आहे. महाराष्ट्रात साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहं झाली. कर्नाटकात टेंट शाळा झाल्या. पण टोळी राज्याची हद्द ओलांडून येते आणि कागद ओलांडत नाहीत.

इथं सीमाभागाची एक गोष्ट मला मोलाची वाटते. बीडचं मराठी पोर निपाणी भागात आलं तर त्याला मराठी शाळा सापडते, त्याच गावात, खोपीपासून दीड-दोन किलोमीटरवर. देशात दुसरीकडं कुठं परराज्यात गेलेल्या मजुराच्या पोराला आपल्या भाषेतली सरकारी शाळा इतक्या जवळ मिळत असेल? मी चिकोडीकडं असताना हंगामात अशी सहा-सात पोरं माझ्या वर्गात येऊन बसायची. त्यांच्या दप्तरात बालभारतीचं पुस्तक, माझ्या टेबलावर कर्नाटक सरकारनं छापलेलं मराठीचं पुस्तक. धडे वेगळे, गणिताचा क्रम वेगळा. तरी अक्षर तेच, बोलणं तेच. पहिल्या आठवड्यात ती भिंतीला टेकून बसायची, दुसऱ्या आठवड्यात पुढं सरकायची. त्यांना आणणारं कुणी असलं तर. मी सकाळी सायकलवरून खोपीवर चक्कर मारायचो, दोघांना डबल सीट आणायचो, बाकीची मागून पळत यायची. मला बदली मिळाली त्या हंगामात ती आलीच नाहीत.

या पोरांसाठी इमारत बांधून काय करणार? टोळी पुढच्या वर्षी दुसऱ्या कारखान्यावर जाईल. त्यांना हवा आहे पाच महिन्यांचा एक माणूस, जो रोज खोपीवर जाईल, मुलं मोजेल, शेजारच्या शाळेत नेऊन बसवेल, संध्याकाळी अर्धा तास वाचून घेईल, आणि टोळी उठताना पोराच्या हातात हजेरीचा कागद देईल. दहावी-बारावी झालेल्या गावातल्याच मुलीला हे काम देता येतं. पंधरा हजार धरले तर पाच महिन्यांचे पंचाहत्तर हजार. बारा लाखांत सोळा खोपी. फलकावर छापण्याजोगं यात काही नाही, पण ज्याला वंचित म्हणतो ते पोर इथं बसलेलं आहे.

आता सायकलीकडं येतो. बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींना सायकल देण्याची योजना आली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला. योग्य वयात माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, आणि मुलगा-मुलगीमधली दरी ४० टक्क्यांनी घटली. हा फरक प्रामुख्यानं कुठं पडला? जिथं शाळा लांब होती त्या गावांत. कर्नाटकातही २००६-०७ पासून सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलांना सायकली मिळायच्या. आमच्याकडं सातवी गावात होते आणि आठवीसाठी हायस्कूलला दुसऱ्या गावी जावं लागतं, म्हणून आठवीत सायकल, हा विचार बरोबर होता. निळ्या-काळ्या सायकलींची रांग हायस्कूलच्या लिंबाखाली उभी असायची. कोविडच्या काळात योजना थांबली, आणि त्यानंतर सायकलीविना आठवीत गेलेल्या कितीतरी तुकड्या शाळा संपवून, किंवा मधेच सोडून, बाहेर पडल्या.

साडेपाच हजारांना एक सायकल धरली तर बारा लाखांत दोनशेहून जास्त येतात. सायकलवरून पैसे जमवणाऱ्यांना ही गोष्ट माझ्यासारख्यानं सांगायला नको. पण सांगतो, कारण गेल्या हिवाळ्यातल्या त्या जथ्याला मी विचारलं होतं, आणि त्यांच्यापैकी कुणाच्याही डोक्यात हे आलेलं नव्हतं. स्वतः लाखाच्या सायकलवर बसून पोरांसाठी त्यांनी भिंतीच कल्पिल्या होत्या.

सायकल हा सगळीकडचा इलाज नाही, हेही लिहायला हवं. अथणी, कागवाड, रायबागच्या सपाटीवर ती चालते. मुलींना शक्ती योजनेमुळं ११ जून २०२३ पासून बसचं तिकीट लागत नाही. जिथं वेळेवर बस आहे तिथं सायकलीपेक्षा तीच बरी. खानापूरच्या रानात यातलं काहीच चालत नाही. आमगाव, गवाळी, पास्तोली, कोंगळा ही गावं भीमगड अभयारण्यात. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ओढे भरलेले, लाकडी साकवावरून जायचं, वाटेत अस्वलाची भीती. २०११ साली अभयारण्य झाल्यापासून रस्ता, पूल, सगळं वनखात्याच्या परवानगीत अडकलं आहे, आणि काही गावं बाहेर हलवण्याची प्रक्रियाही सुरू आहे. तिथं कुणी दाता शाळेची इमारत बांधतो म्हणाला तर मी त्याचे हात धरीन. उद्या गावच नसेल. तिथल्या मुलांना हायस्कूलच्या गावी राहण्याची सोय हवी, पोरींसाठी विश्वासाची बाई असलेलं वसतिगृह हवं.

“सरकार करत नाही म्हणून तर आम्ही करतो,” हे मला नेहमी ऐकवलं जातं. काकतीच्या टपरीवरही एकानं ऐकवलं. त्यात तथ्य आहे. एका शिक्षकावर पाच वर्ग मी स्वतः ओढले आहेत. कायदा साठ मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक सांगतो, तो कागदावरच राहिलेला मी पाहिला आहे. पण तुमची मोफत शाळा शेजारी उभी राहिली की सरकारी शाळेचा पट घटतो, पट घटला की शिक्षक जातो, शिक्षक गेला की उरलेली पोरं जातात आणि शाळेला कुलूप लागतं. खात्याला तर ते सोयीचंच. आणि कुलूप लागलेली मराठी शाळा पुन्हा उघडलेली मी एकतीस वर्षांत एकदाही पाहिली नाही.

दुसरा आक्षेप पालकांचा, आणि तो मी जास्त मानतो. “सर, तुमची पोरं इंग्रजी शाळेत आणि आमच्यांनी तुमच्याकडं शिकायचं?” हे मला तोंडावर विचारलं गेलं आहे. त्या आईचं काय चुकलं? ज्या भाषेत नोकरी मिळते ती भाषा तिला लेकराला द्यायची आहे. २०१९ पासून कर्नाटक सरकारनं एक हजार सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग सुरू केले, ते अशा आयांमुळंच. म्हणून मी म्हणतो, इंग्रजी नीट शिकवणारा एक माणूस आमच्या मराठी शाळेला द्या, कन्नड शाळेला द्या. शाळा सुधारणा समितीत पालकच असतात, ज्याला आम्ही एसडीएमसी म्हणतो. तिच्याशी बसून ठरवा. पोर आपल्या गावात, आपल्या भाषेत वाचायला शिकेल आणि इंग्रजीही येईल.

भाषेचा विषय निघाला आहे तर टाळत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही म्हैसूर राज्यात घातले गेलो. सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग झाला, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. दरवर्षी १ नोव्हेंबरला बेळगावात काळा दिन पाळतात आणि सायकल फेरी निघते. नोकरी लागण्याआधी, कॉलेजात असताना, मीही त्या फेरीत काळी फीत लावून सायकल चालवली आहे, आणि त्याबद्दल मला कधी संकोच वाटला नाही. म्हणून पुण्याहून येणारी मोहीम ‘सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी’ म्हणते तेव्हा माझ्याही पोटात काहीतरी हलतं. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय राज्यानं करावी, हे घटनेच्या ३५०अ कलमात त्याच १९५६ साली लिहिलं गेलं. तो आमचा हक्क आहे.

पण खोपीतल्या लमाणी पोराची घरची भाषा मराठीही नाही आणि कन्नडही नाही. एकाच भिंतीला लागून मराठी आणि कन्नड शाळा असते, दोघींचं छप्पर एकाच पावसात गळतं. मोहिमेनं आपला फलक एका बाजूला लावला की दुसऱ्या बाजूचं पोर खिडकीतून बघत राहतं. मी कन्नड शाळेच्या गुरुजींबरोबर वर्षानुवर्षं एका डब्यात जेवलो आहे. त्यांच्या वर्गातल्या पोराला वगळून आलेली मदत माझ्या पोराला द्यायला माझा हात धजणार नाही.

काळ्या दिनाच्या त्या सायकलीनं मला एक गोष्ट शिकवली, ती अशी की आमच्या गावात सायकल हे मागणं मांडायचं साधन आहे. दान गोळा करायला तिचा वापर अलीकडचा. हक्क मागायला ती आम्ही कितीतरी आधी वापरली. मग या दोन्ही गोष्टी एकत्र का येऊ नयेत? शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत अंतर ठरलेलं आहे. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवी तीन किलोमीटरच्या आत. जिथं वस्ती लहान म्हणून शाळा देता येत नाही तिथं वाहनाची किंवा राहण्याची सोय सरकारनं करायची. हे अंतर मोजतं कोण? ऑफिसातल्या नकाशावर पट्टी ठेवून मोजतात. आणि इथं पंचवीस माणसं आहेत ज्यांच्या हँडलवर जीपीएस लावलेला आहे, जी प्रत्येक चढाचा आकडा जपून ठेवतात, आणि ज्यांचे चार दिवस मोकळे आहेत.

माझी मागणी म्हणून ही आहे. महामार्गावरून चार दिवस या, पैसे जमवा. पण पाचवा दिवस आमच्या वस्त्यांसाठी ठेवा. दोघादोघांनी एकेका वाड्यावर, खोपीवर जा, तिथल्या पोराबरोबर त्याच्या वाटेनं शाळेपर्यंत या आणि ते अंतर नोंदवा. सगळ्या नोंदी घेऊन बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्याच्या, ऑफिसात जा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पुण्याच्या इंजिनियरनं दिलेला, तारीख आणि मोजमाप असलेला कागद त्या ऑफिसात माझ्यासारख्या निवृत्त मास्तराच्या तोंडी तक्रारीपेक्षा जड पडतो, हे मला अनुभवानं ठाऊक आहे.

त्या जथ्यातले दोघं माझ्याशी बोलून गेले आणि जानेवारीत, दोघंच, परत आले. त्यांना मी खानापूरकडच्या एका धनगरवाड्यावर घेऊन गेलो. तिथली आठवीतली एक मुलगी हायस्कूलला चालत जाते. वाड्यापासून शाळा तीन किलोमीटर, असं खात्याच्या कागदात आहे. पहाटे साडेसहाला ती निघाली. आम्ही तिच्या मागं, बहुतेक वाट सायकली हातात धरून. मधल्या ओढ्यात दोन ठिकाणी सायकल खांद्यावर घ्यावी लागली. शाळेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा यंत्रावर ६.८ किलोमीटर दिसत होते आणि एक तास पस्तीस मिनिटं झाली होती. तो आकडा, नकाशा आणि अर्ज आम्ही त्याच आठवड्यात दिला. पोचेवर शिक्का आहे, उत्तर अजून आलेलं नाही.

त्या दिवशी फाटकात मुलीला आम्ही यंत्रावरचा आकडा दाखवला. तिनं तो वाचला, ओढणीनं पायाचा चिखल पुसला आणि म्हणाली, “सर, पावसात येऊन मोजा की. पावसात ओढ्यातनं येता येत नाही, वरच्या अंगानं फिरून येतो आम्ही. तवा लांब होतंय.”